पुण्याहून लखपत: कच्छच्या आडवाटेला निघालेल्या नवख्यांसाठी

कोकणात गाडी घालायला पुणेकराला आखणी लागत नाही. ताम्हिणी उतरलं की थोड्या थोड्या अंतरावर चहाची टपरी असते, पंक्चरवाला असतो, आणि रस्ता चुकलात तर सांगायला ओट्यावर कुणीतरी बसलेलं असतंच. हीच सवय घेऊन मी पहिल्यांदा पश्चिम कच्छमध्ये गेलो. नलियाच्या अलीकडे संध्याकाळी सात वाजता गाडी रस्त्याकडेला उभी होती. टायरमध्ये दोन काटे होते आणि गाडीत अर्धी बाटली पाणी. तिथली अंतरं फार मोठी नाहीत, पण दोन गावांच्या मधे काहीही नसतं. म्हणून ही सहल स्थळांची यादी करून आखू नका. पेट्रोल, पाणी आणि उजेड कुठे संपतो ते बघून आखा. स्थळं वाटेत येतातच.

नकाशावर एकदा कच्छ नीट बघा. दक्षिणेला आखात, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला आणि पूर्वेला रण. पावसाळ्यात रणात पाणी भरतं तेव्हा हा मुलूख जवळजवळ बेट होतो, एरवी द्वीपकल्प. क्षेत्रफळ ४५,६७४ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या जवळपास तिप्पट. बहुतेक लोक यातलं धोर्डोचं पांढरं रण आणि तंबूंचा उत्सव बघून परततात. हा लेख दुसऱ्या बाजूसाठी आहे: भूज, माता नो मढ, लखपत, नारायण सरोवर, कोटेश्वर, नलिया, जखौ, मांडवी आणि परत भूज. सगळा फेरा चारशे किलोमीटरच्या आसपास भरतो. एक्स्प्रेसवेच्या हिशेबाने हे एका दिवसाचं काम वाटेल, पण चार दिवस द्या.

आधी तारीख

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ नवख्यांनी धरावा. मार्चनंतर ऊन चढतं. मे-जून चक्रीवादळांचा काळ. १५ जून २०२३ ला बिपरजॉय जखौजवळच जमिनीवर आलं होतं. पावसाळ्यात पाऊस कमी, पण पडला की कच्चे रस्ते आणि छोटे फरशीपूल दोन-दोन दिवस बंद. अश्विनातल्या नवरात्रात माता नो मढला आशापुरा देवीच्या दर्शनाला हजारो लोक पायी निघतात, तेव्हा भूजपासूनचा रस्ता रात्रंदिवस माणसांनी भरलेला असतो. बघण्यासारखी गोष्ट आहे, पण गाडी चालवण्यासारखी नाही.

पौर्णिमा धरायची की टाळायची, हा घराघरातला वाद. चांदण्यातलं पांढरं रण बघायचं असेल तर पौर्णिमा, पण त्या रात्री भूज आणि धोर्डोकडच्या खोल्यांचे दर बघून चांदणं उतरतं. पश्चिम टोकाला पौर्णिमेने काही फरक पडत नाही. मी अमावास्येच्या आसपास जातो. खोली सहज मिळते, आणि आकाश पुण्यात विसरलोय तसं दिसतं.

आता उजेडाचा हिशेब, जो मी पहिल्या वेळी केला नव्हता. लखपत पुण्याच्या सुमारे पाच अंश पश्चिमेला आहे, शिवाय बरंच उत्तरेला. म्हणून डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य पुण्यापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा उगवतो, पण मावळतो मात्र जेमतेम दहा मिनिटं उशिरा. दिवस वीसेक मिनिटांनी आखूड. सकाळी साडेसहाला निघू म्हणाल तर गच्च अंधार असेल. साडेसातला निघा, आणि साडेपाचला मुक्कामाच्या गावात असा. कच्छमध्ये रात्री गाडी चालवायची नाही, हा या सहलीतला सगळ्यात कडक नियम. नीलगाय डांबरावर येते आणि दिव्यासमोर थिजून उभी राहते. म्हशी आणि उंट तर रस्ता स्वतःचाच समजतात, आणि तिथे तो खरोखर त्यांचा आहे.

सुप्याला रंगीत तालीम

निघायच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी बारामतीच्या वाटेवरच्या सुप्याला जाऊन या. मयूरेश्वर अभयारण्य छोटंसं आहे, पण माळरान, बाभळी, धूळ आणि चिंकारा, सगळं तिथे आहे. नारायण सरोवरच्या अभयारण्यातही हाच चिंकारा भेटणार आहे. पण तालीम प्राण्यांची नाही, गाडीची आणि घरच्यांची करायची. दिवसभर वाटेत काहीही विकत न घेता, गाडीतल्या पाण्यावर आणि डब्यावर राहून बघा. किती पाणी लागतं, मुलं किती वेळ गप्प बसतात, मागच्या सीटवर बसणाऱ्या सासूबाईंची कंबर कच्च्या रस्त्यावर किती वेळ साथ देते, हे सुप्याला कळलेलं बरं.

त्याच दिवशी चाक बदला. खरंच बदला, एकदा तरी. सोसायटीच्या पार्किंगमधली फरशी सोपी असते. मातीवर जॅक लावला की तो गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. त्यासाठी जॅकखाली ठेवायला एक जाड लाकडी फळी हवी. आमच्याकडे घरातला जुना पाट आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

गाडी आणि सामान

मोठी, चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी (फोर-व्हील-ड्राइव्ह) गाडीच हवी, असं काही नाही. या फेऱ्यातले मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि साधी हॅचबॅक पुरते. लागतात ती चांगली टायर. त्यांचं कारण आहे वेडी बाभूळ. कच्छमध्ये तिला 'गांडो बावळ' म्हणतात. गुजरातीत 'गांडो' म्हणजे वेडा, पंक्चरवाल्यासमोर हसू नका. रण पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या दशकात वनखात्याने हे झाड बन्नीच्या गवताळ भागात लावलं. आता ते गवतालाच गिळतंय. त्याचा काटा मजबूत आणि लांब. रस्त्याकडेला सावलीत गाडी लावलीत की नेमका तोच टायरखाली येतो. सावली बघून थांबू नका, जमीन बघून थांबा.

ट्यूबलेस टायरमध्ये काटा दिसला तर लगेच उपटू नका. काटा आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते, उपटला की एकदम. हवा भरायचा छोटा पंप, जो गाडीच्या सॉकेटवर चालतो, आणि पंक्चरच्या पट्ट्यांचा संच जवळ ठेवा. तासाभराने हवा भरत पुढच्या गावापर्यंत जाता येतं. निघण्याआधी स्टेपनीची हवा तपासा. स्टेपनी ही आपल्याकडे वर्षानुवर्षं न उघडलेली तिजोरी असते. नव्या गाड्यांत ती बारीक आकाराची येते, तेव्हा तिच्यावर किती वेग चालतो ते तिच्या कडेला लिहिलेलं वाचून ठेवा.

पाणी माणशी रोज पाच लिटर धरा आणि त्यावर वीस लिटरचा एक कॅन कायम भरलेला ठेवा. तिकडे जमिनीतलं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ आहे. चहा तिथल्या पाण्याचा प्या, पोटाला त्रास होणाऱ्यांनी प्यायचं पाणी स्वतःचं ठेवा. पेट्रोल: अर्धी टाकी म्हणजे रिकामी टाकी. भूजला, नखत्राण्याला, दयापरला, नलियाला, जिथे पंप दिसेल तिथे भरा, टाकीचा काटा कुठेही असो. सीएनजीवर अवलंबून राहू नका.

शंभर-दोनशेच्या नोटा घ्या. फोनला रेंज नसली की यूपीआयही नाही. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या, पण त्याचं ऐकताना जरा शंका ठेवा. अबडासा तालुक्यात पवनचक्क्यांची रांगच रांग आहे, आणि त्यांच्या देखभालीसाठी केलेले मुरमाचे रस्ते नकाशावर अस्सल रस्त्यासारखे दिसतात. 'बारा मिनिटं वाचतील' असं फोन म्हणतो, आणि तुम्ही एका खांबाखाली जाऊन पोचता. तिथून रस्ता पुढे जात नाही.

थंडीचे कपडे हसण्यावारी नेऊ नका. हिवाळ्यात गुजरातच्या हवामान बातम्यांत सर्वांत थंड गाव म्हणून नलियाचंच नाव पुन्हा पुन्हा येतं.

दोन गोष्टी मात्र पुण्यातच ठेवून जा. एक म्हणजे दारू. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात. डिकीत विसरलेली बाटली हे कारण चालत नाही. दुसरा ड्रोन. हा सगळा पट्टा आंतरराष्ट्रीय सीमेला लागून आहे. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ प्रतीत बरोबर ठेवा. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, तो ऑनलाइन निघतो. परदेशी पासपोर्टवाला भाचा-पुतण्या बरोबर असेल तर भूजमध्ये आधी चौकशी करून मगच पश्चिमेला निघा.

पुणे ते भूज

सुमारे हजार किलोमीटर. एका दमात करणारे लोक मला माहीत आहेत, त्यांच्याबरोबर मी जात नाही. पहाटे चारला निघा, म्हणजे ठाणे-घोडबंदर आठच्या आत मागे पडेल. पुढे वापी, सुरत, भरूच, आणि पहिला मुक्काम वडोदरा. सयाजीरावांच्या गावात मराठी कानावर पडतं आणि मुक्कामही परका वाटत नाही. दुसऱ्या दिवशी अहमदाबादच्या बाहेरून साणंद, विरमगाम, हळवद, मग सुरजबारीचा पूल. पुलाच्या दोन्ही बाजूंना मिठागरं दिसली की कच्छ सुरू झालं. भचाऊवरून भूज.

ज्यांना दोन दिवस गाडीत बसणं जमत नाही त्यांनी रेल्वेने भूजला जाऊन तिथे गाडी भाड्याने घ्यावी. मला विचाराल तर पहिल्या वेळी हेच बरं, कारण स्थानिक चालकाला कुठे थांबायचं नाही हे माहीत असतं.

भूजमध्ये एक पूर्ण दिवस द्या. २६ जानेवारी २००१ चा भूकंप समजल्याशिवाय पुढची गावं समजत नाहीत. भुजिया डुंगरावरचं स्मृतिवन त्यासाठीच आहे. संध्याकाळी हमीरसर तलावावर चक्कर, दाबेली, आणि मग टाकी फुल.

पहिला टप्पा: लखपत

भूजहून माता नो मढ सुमारे शंभर किलोमीटर. देवीचं दर्शन, दुपारचं जेवण तिथल्या प्रसादालयात, आणि पुढे साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर लखपत. या रस्त्यावर लिग्नाइटचे ट्रक असतात. एकेरी डांबरावर समोरून ट्रक आला की आपण खाली उतरायचं, पण वेग कमी करून. कडेचा मुरूम भुसभुशीत असतो.

लखपतला पोचाल तेव्हा आधी भिंत दिसेल. जवळपास सात किलोमीटरची तटबंदी आणि आत मोजकीच घरं. हे एकेकाळचं बंदर. रोजचं उत्पन्न लाख कोरी, म्हणून लखपत, असं सांगतात. कोरी हे कच्छ संस्थानाचं नाणं. किल्ल्याची आजची तटबंदी १८०१ मध्ये जमादार फतेह मोहम्मदने बांधली. पुढे जेमतेम अठरा वर्षांत, १६ जून १८१९ ला भूकंप झाला. उत्तरेला जमीन वर उचलली गेली आणि एक लांबलचक उंचवटा तयार झाला. लोकांनी त्याला 'अल्लाह बंद' नाव दिलं, कारण हा बांध माणसाने घातलेला नव्हता. सिंधूच्या फाट्याचं पाणी तुटलं, सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला, आणि बंदराचं गाव खाऱ्या चिखलाच्या काठावर उरलं. माणसं निघून गेली, भिंत राहिली.

तटावर चढून उत्तरेला बघा. समोर जे करडं, सपाट, चकाकणारं दिसतं ते पाणी आहे की मीठ की मृगजळ, हे मला तीन खेपांनंतरही सांगता येत नाही. वर सीमा सुरक्षा दलाचे जवान असतात. त्यांना नमस्कार करा, विचारल्याशिवाय कॅमेरा त्यांच्याकडे किंवा चौकीकडे वळवू नका. एरवी ते मोकळे बोलतात. माझी गाडी बघून एकाने आधी 'एमएच १२, म्हणजे पुणे' असं म्हटलं, मग स्वतःचं गाव साताऱ्याजवळचं असल्याचं सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास कंदी पेढ्यावर गेला.

गावातला गुरुद्वारा चुकवू नका. गुरू नानक मक्केच्या वाटेवर इथे राहिले होते अशी परंपरा आहे. २००१ च्या भूकंपानंतर केलेल्या जतनकामाला २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. लंगर असतो आणि राहायची सोयही. डोकं झाकायला रुमाल न्या, जेवल्यावर आपलं ताट आपण घासा, जमेल तेवढं दान पेटीत टाका. पहिला मुक्काम इथे किंवा पस्तीसेक किलोमीटर पुढे नारायण सरोवरच्या धर्मशाळेत. मी एकदा अॅपवरून या भागातली 'समुद्रदर्शनी' खोली आधीच पैसे भरून घेतली होती. जागेवर पाया खणलेला होता, खोली नव्हती. तेव्हापासून मी आदल्या दिवशी फोनवर माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय पैसे भरत नाही.

दुसरा टप्पा: कोटेश्वर ते नलिया

नारायण सरोवर हे मान, पंपा, बिंदू आणि पुष्कर यांच्याबरोबरचं पाचवं पवित्र सरोवर. तिथून कोटेश्वर अगदी जवळ. मंदिराच्या कट्ट्यावर उभं राहिलं की समोर कोरी खाडी, आणि त्यापलीकडे देश संपतो. पहाटेची ओहोटी गाठा. पाणी मागे गेलं की मैलोन् मैल चिखल चमकतो.

इथून दक्षिणेला नलियापर्यंत सुमारे सत्तर किलोमीटर. हा या सहलीतला माझा आवडता तुकडा, आणि सर्वांत रिकामाही. निघण्याआधी तीन वाक्यं पाठ करा. 'रस्तो सारो छे?' (रस्ता चांगला आहे का?), 'आगळ पंप छे?' (पुढे पंप आहे का?) आणि 'पाणी मळशे?' (पाणी मिळेल का?) पुरुषांना 'काका' किंवा 'भाई', बायकांना 'बेन'. घरी कच्छी बोलतात, पण गुजराती आणि हिंदी सगळीकडे समजतं. उत्तरात किलोमीटरपेक्षा 'सारो नथी' आहे का ते ऐका. तसं म्हणाले तर मुकाट्याने मोठ्या रस्त्याने जा.

अबडाशाच्या गवताळ माळावर माळढोकाच्या मोजक्याच माद्या उरल्या आहेत. सोलापूरच्या नान्नजला एकेकाळी आपण जे बघायला जायचो, तेच. तो दिसावा म्हणून गाडी गवतात घालू नका. दुर्बिणीने रस्त्यावरून बघा. बहुतेक दिसणार नाही.

मीठ, चिखल आणि वाळू

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे माझे पैसे गेले आहेत. खाडीच्या काठची जमीन वरून भाजलेल्या पापडासारखी दिसते, कडक, भेगाळलेली, फोटोला सुंदर. पापुद्रा दोन-तीन बोटांचा, खाली लोण्यासारखा चिखल. जखौच्या बाजूला मी रस्त्यापासून फक्त तीस पावलं आत गेलो, सूर्यास्ताच्या फोटोसाठी. पुढची दोन्ही चाकं बसली. रेस दिला, तर गाडी पोटावर टेकली. दीड तासाने ट्रॅक्टर आला. त्या काकांनी दोरी बांधता बांधता विचारलं, मुंबई की पुणे? पुणे म्हटल्यावर दोनशे रुपये जास्त सांगितले. मी घासाघीस केली नाही.

तेव्हा नियम असा. डांबर किंवा ताज्या चाकोऱ्या नसतील तिथे चाक घालायचं नाही. उतरायचं असेल तर पायी, आणि पायसुद्धा आधी टाच दाबून. गाडी रुतलीच तर रेस देऊ नका. चाकामागची माती हाताने काढा, रबरी पायपुसणी मागच्या बाजूने चाकाखाली सरकवा, बाकीच्यांना उतरवा, आणि हळूच मागे या. ज्या वाटेने आत गेलात ती वाट निदान तुमचं वजन पेलून झालेली असते. कोरड्या वाळूत टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवल्याने पकड वाढते, पण डांबरावर आल्यावर ती परत भरेपर्यंत वेग घेऊ नका. मांडवीच्या पुळणीवर गाडी नेणारे दिसतील. आखाताची भरती मोठी आणि भराभर चढणारी आहे, आणि भरतीत सापडलेल्या गाडीचा विमा मागताना काय सांगणार याचा विचार आधी करा.

जखौ, पिंगळेश्वर भागात किनाऱ्यावर चालताना कधी सीलबंद पुडकं वाहून आलेलं दिसलं तर हात लावू नका, फोटोही नको. गेल्या काही वर्षांत या खाड्यांत अमली पदार्थांची पाकिटं वारंवार सापडली आहेत. ११२ ला कळवा आणि लांब राहा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

शेवटचा टप्पा: मांडवी

नलियाहून जमलं तर आत वळून तेरा गाव आणि कोठाऱ्याचं जैन मंदिर बघा, मग सुमारे पंच्याऐंशी किलोमीटरवर मांडवी. रुक्मावतीच्या काठावर अजून लाकडी जहाजं बांधतात. नदीच्या पुलावरूनच त्यांचे सांगाडे दिसतात. गावाबाहेर श्यामजी कृष्ण वर्मांचं क्रांतितीर्थ आहे, लंडनच्या इंडिया हाउसच्या प्रतिकृतीसह. टिळकांच्या शिफारशीने सावरकर ज्यांच्या शिष्यवृत्तीवर १९०६ मध्ये लंडनला गेले, ते हेच श्यामजी, १८५७ साली याच गावात जन्मलेले. पुण्याच्या माणसाने तिथे तासभर तरी थांबावं. त्यानंतर दाबेली खावी, आणि ती भूजपेक्षा चांगली की नाही यावर स्थानिकांसमोर मत देऊ नये.

मांडवीतच गाडी खालून धुऊन घ्या, परतीचे हजार किलोमीटर मीठ घेऊन यायचं नाही. पुण्यात आल्यावर पुन्हा एकदा लिफ्टवर चढवून धुवा. चाकांच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेकच्या मागची बाजू पाण्याने नीट मारायला सांगा आणि समोर उभे राहा. टायरही हाताने चाचपून बघा. लखपतहून आणलेला एक काटा मला कर्वेनगरात, परतल्यावर अकराव्या दिवशी सापडला. तोपर्यंत त्या टायरची हवा पक्की होती, म्हणून तो पंक्चरवाल्याच्या दारात नेऊनच काढला.